शुद्धिपत्रातली ओळ

“हे प्रश्नचिन्ह कुणी काढलं?”

सरांनी प्रूफचा कागद दोन बोटांत धरला होता. विचारत होते मालकाला. मी चार हातांवर उभी होते, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केससमोर, हातात अर्धी भरलेली जुळणीची स्टिक.

मालक म्हणाले, “कुठलं हो सर?”

“हे. पेन्सिलीचं. माझ्या उदाहरणावर.”

“मी काढलं,” मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आधी चपला, मग शाईचे हात, मग तोंड.

“तू कोण?”

“कंपोझिटर.”

“शिकलीस किती?”

“दहावी. अकरावी सायन्स अर्धी.”

“अर्धी!” ते हसले. मालक पण हसले. मालकांना हसू आलं नव्हतं, पण गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं.

“आडनाव काय?”

मी सांगितलं.

“हं,” ते म्हणाले.

त्या ‘हं’चा अर्थ मला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. शाळेत नाव घातलं तेव्हा ऐकला होता, कॉलेजच्या फॉर्मच्या खिडकीवर ऐकला होता. भाड्याची खोली बघायला आईबरोबर गेले होते, तिथे दारातच ऐकला होता. आता घाटकोपरच्या छापखान्यात ऐकला.

मग ते मालकाला म्हणाले, शब्द न् शब्द मला पाठ आहे, “सवलतीवर पास झालेल्यांनी मला साइन-कॉस शिकवायचं, असे दिवस आलेत. हिला सांगा, खिळे लावायचे. डोकं लावायचं नाही.”

दहावीला गणितात मी शाळेत पहिली होते. सवलत फीमध्ये होती, मार्कांत नव्हती. पण हे तेव्हा तोंडून निघालं नाही. ट्रेडल मशीन थांबलं होतं. मशीनवाला बघत होता, बाइंडिंगच्या दोघी बायका बघत होत्या, ज्यांनी मला काम शिकवलं ते पाटकरमामा फक्त खाली केसमध्ये बघत होते.

“खोडरबर आहे का?” सरांनी विचारलं. मालकांनी ड्रॉवरमधून काढून दिलं. सरांनी ते माझ्यापुढे धरलं.

“पूस.”

मी पुसलं. प्रश्नचिन्ह गेलं, त्याचा वळ कागदावर राहिला. त्याच कागदावर सरांनी शाईच्या पेनने लिहिलं, ‘छापावे’. खाली सही ठोकली आणि गेले.

मला राग आला होता का? नाही. खरं सांगते, मला लाज वाटली होती. याची चीड मला आजही येते. चूक त्यांची आणि लाज मला.

आम्ही असल्फ्याच्या डोंगरावर राहायचो. बापाची गिरणी संपात गेली ती गेलीच. तो चिपळूणकडे गावी जाऊन बसला, आई एका कंपनीत झाडूपोछ्याला लागली आणि मी अकरावी सोडून छापखान्यात आले. डोंगर उतरला की पंधरा मिनिटांत प्रेस. पाटकरमामांनी मला खिळे ओळखायला शिकवलं. शिशाचं अक्षर उलटं असतं, ते उलटंच वाचायची सवय लागते. सहा महिन्यांत मी अक्षराकडे न बघता केसच्या खणातून बरोबर खिळा उचलायला लागले. मामा म्हणायचे, “पोरी, तुझ्या बोटांना डोळे आहेत गं.”

गणिताची जुळणी कुणालाच नको असायची. साधा मजकूर सरळ चालतो. अपूर्णांक आला की तीन मजले बांधावे लागतात. वर अंश, मध्ये पितळेची बारीक पट्टी, खाली छेद. वरचा मजला खालच्यापेक्षा लहान असेल तर दोन्ही बाजूंना कोरे तुकडे भरून तो मधोमध आणायचा. एक तुकडा सैल राहिला तर मशीनवर सगळा अपूर्णांक कोसळतो. मामांचे डोळे कमी झाले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्या प्रेसमध्ये गणित जुळवणारी मी एकटी. मुलुंडपर्यंतच्या रेल्वे लाइनीतल्या इतर प्रेसवाल्यांनाही ते माहीत होतं.

सरांचा मुलुंडला क्लास होता. दहावीचा, मराठी माध्यमाचा. मोठं नाव. त्यांचं ‘सरावमाला’ नावाचं पुस्तक दर वर्षी आमच्याकडे छापलं जायचं. त्या वर्षी त्यात त्रिकोणमितीचा भाग वाढवला होता. त्रिकोणमितीय अपूर्णांकांना सरळ रूप द्या, अशी चाळीसएक उदाहरणं.

मला ती उदाहरणं फार आवडली. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण आवडली. अकरावी सुटली तेव्हा वाटलं होतं की आपलं गणित संपलं. आणि इथे सरांच्या निळ्या शाईतलं गणित रोज माझ्यासमोर येऊन पडत होतं. मी एक एक पायरी शिशात बांधत होते. बांधता बांधता समजत गेलं. छेदात एक वजा साइन थीटा असेल तर त्याची जोडी घ्यायची, एक अधिक साइन थीटा. पुस्तकात त्याला अनुबद्ध म्हणतात. त्या जोडीने छेदाला गुणायचं. मग छेदात राहतं एक वजा साइनचा वर्ग, आणि तो म्हणजे कॉसचा वर्ग. ही नित्यसमानता शाळेतच घोकलेली. पण घोकणं वेगळं आणि दोन्ही हातांनी बांधणं वेगळं. नको असलेली वजाबाकी छेदातून कशी निघून जाते ते मला तिथे कळलं.

एक नियम मात्र मोडायचा नाही. छेदाला ज्याने गुणलं त्यानेच अंशाला गुणायचं. नाहीतर अपूर्णांकाची किंमतच बदलते.

म्हणून मी एक पद्धत लावली होती. आमच्याकडे थीटाचे खिळे मोजके होते. सारखे उचलायला लागले की वेळ जायचा. उदाहरण हाती आलं की छेद बघायचा आणि त्याच्या अनुबद्ध जोडीचे दोन कंस आधीच जुळवून बाजूला ठेवायचे. एक वर जाणार, एक खाली जाणार. पायरी लावून झाली की बाजूची जागा रिकामी झाली पाहिजे. अशी मी वीस-पंचवीस उदाहरणं लावली. दर वेळी जागा रिकामी झाली.

सत्ताविसाव्या उदाहरणाला एक कंस उरला.

उदाहरण साधं होतं. अंशात कॉस थीटा, छेदात एक वजा साइन थीटा. मी दोन ‘एक अधिक साइन थीटा’ तयार ठेवले. एक खाली बसवला. वर काय लिहिलंय म्हणून हस्तलिखितात बघितलं, तर ‘एक वजा साइन थीटा’. मला वाटलं, माझंच वाचताना चुकलं. उलटं वाचायची सवय असलेल्या माणसाचं सुलट वाचताना कधी कधी चुकतं. कागद दिव्याखाली नेला. वजाच होतं. निळ्या शाईत, ठसठशीत. आणि पुढची प्रत्येक पायरी त्या वजाला धरून. शेवटी उत्तर, सेक थीटा वजा टॅन थीटा.

मी रद्दी कागदावर तीस अंश घालून पाहिलं. तीस अंशांचं कोष्टक तोंडपाठ होतं. मूळ अपूर्णांकाची किंमत आली वर्गमूळ तीन. सरांच्या उत्तराची आली एक छेद वर्गमूळ तीन. म्हणजे पावणेदोनच्या जागी अर्ध्याहून जरा जास्त. उत्तरात अधिक घातलं तर दोन्हीकडे वर्गमूळ तीन. बरोब्बर.

मी आहे तसंच जुळवलं आणि प्रूफवर त्या जागी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. बारीकसं. हिशेबाचा रद्दी कागद सोबत टाचणीने लावला. वाटलं होतं, सर बघतील, दुरुस्त करतील. कदाचित विचारतील की हे कुणी पकडलं. मूर्ख मी! शाबासकीची वाट बघत होते.

टाचणीचा कागद त्यांनी वाचलाच नाही. टेबलावर तसाच पडला होता.

सर गेल्यावर मी तो कागद घेऊन मालकांकडे गेले. मालक वाईट माणूस नव्हते. दिवाळीला आईसाठी साडी देणारे. म्हणून तर ते पुढे बोलले ते जास्त दुखलं.

“साहेब, चूक आहे. तीस अंश घालून बघा ना.”

“मला नको तीस अंश नि चाळीस अंश,” मालक म्हणाले. “सही झालीय. छापखान्याचा कायदा काय? मक्षिकास्थाने मक्षिका. कॉपीत माशी मेलेली असली तर आपण माशी छापायची. आपली चूक काढली तर आपण चुकलो. गिऱ्हाइकाची काढली तरी आपणच चुकलो.”

“पण पोरं ते पाठ करतील.”

“पोरं त्यांची आहेत. तुझी आहेत का?”

मामांनी मागून हळूच हात हलवला. म्हणजे पुरे, ये आता. मी आले. प्रूफ फायलीत गेलं. जुळवलेल्या पानांचा फॉर्म मशीनवर चढला. अधिकच्या जागी वजा, हजार वेळा, आणि ते वजा माझ्या बोटांनी लावलेलं.

मी त्या दिवशी घरी काही बोलले नाही. आईने विचारलं, “काय झाला गो बाय? तोंड असा का?” मी म्हटलं, डोकं दुखतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो कुणाला दाखवणार?

पुस्तक बाजारात आलं. डोंगरावर आमच्या ओळीत तीन मुली दहावीला होत्या. संध्याकाळी मी त्यांचं गणित घ्यायचे, आमच्याच ओट्यावर. त्यातली सुनंदा सगळ्यात हुशार. तिच्या मामाने तिला ‘सरावमाला’ आणून दिली. ती पुस्तक छातीशी धरून सगळ्या गल्लीत सांगत सुटली, “हे आमच्या ताईने जुळवलंय!” ताईला कौतुक वाटलं. ताईने तेव्हा सांगायला हवं होतं की सत्ताविसावं उदाहरण चुकलंय. ताई विसरली नव्हती. सांगितलं असतं तर पुढे विचारलं असतं, मग तू तसंच का लावलंस? त्या प्रश्नाला मी घाबरले आणि गप्प बसले.

पूर्वपरीक्षेत नेमकं तेच उदाहरण आलं. सुनंदाने पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं. पेपर मिळाला तशी ती माझ्याकडे आली. लाल शाईने सगळं काटलेलं.

“ताई, हे पुस्तकात आहे. बाई म्हणतात चूक आहे.”

मी कागद हातात घेतला. ती माझ्याकडे बघत होती.

“तू लावलंस ना हे? मग चूक कसं?”

मी म्हटलं, “चूकच आहे.”

“तुला माहीत होतं?”

“हो,” मी म्हणाले एकदाची. तिने पेपराची घडी घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांच्या ‘हं’ने मला जेवढं कापलं नव्हतं तेवढं त्या पोरीच्या न येण्याने कापलं.

तेव्हा मला कळलं की माझा अपमान एकदाच झाला नव्हता. पहिल्या वेळी त्यांनी केला. दुसऱ्या वेळी मीच माझा केला, खिळे लावताना. आणि त्याची शिक्षा तिसऱ्याच पोरीने भोगली, जिचं आडनाव ऐकूनही लोक तसंच ‘हं’ म्हणणार होते.

चुकलेली सुनंदा एकटी नव्हती. ते उदाहरण सगळीकडे हमखास विचारतात, मुलुंडच्या क्लासची पोरंही आपापल्या शाळेत तेच लिहून आली होती. त्यांचे आईबाप फ्लॅटवाले. ते क्लासवर गेले. सर चार दिवसांत प्रेसमध्ये हजर.

या वेळी आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जात होता.

“माझ्या नावाचे धिंडवडे निघाले! तुमच्या कंपोझिटरने चिन्ह बदललं. हीच ती. हिने तेव्हाच त्या जागी लुडबूड केली होती, तुमच्यासमोर. मी पुसायला लावलं. सूड म्हणून हिने नंतर खिळा बदलला.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी माझ्या कानांनी ऐकल्या. मी चूक दाखवली, हाच माझ्याविरुद्धचा पुरावा झाला होता.

“फाइल काढा साहेब,” मी मालकांना म्हणाले. “प्रूफ फायलीत आहे. सरांची सही आहे. हस्तलिखितही आहे.”

मालक कपाटाकडे गेले. फाइल काढली. प्रूफ बघितलं. मला तिथून दिसत होतं, त्यांनी बोटाने ओळ शोधली, हस्तलिखिताचा कागद शेजारी धरला, दोन्हीकडचं वजा पाहिलं. मग फाइल बंद केली आणि कपाटात ठेवली. किल्ली फिरवली.

“सापडत नाहीये,” मालक म्हणाले.

मामा माझ्या शेजारी उभे होते. मालकांच्या हातातली फाइल त्यांनीही पाहिली होती.

सरांचा आवाज खाली आला. फाइल मुद्दाम झाकली हे त्यांनाही समजलं होतं. त्यांनी खिशातून कागद काढला. तयार करूनच आणला होता. शुद्धिपत्र. प्रत्येक पुस्तकात चिकटवायची चिठ्ठी. वर उदाहरणाची दुरुस्ती, सगळ्या पायऱ्यांसकट, या वेळी बरोबर. खाली एक ओळ, ‘सदर चूक कंपोझिटरच्या निष्काळजीपणामुळे झाली असून तिला योग्य ती समज देण्यात आली आहे.’

तिला. ‘त्याला’ नाही, ‘संबंधितांना’ नाही. घाटकोपर ते मुलुंडच्या प्रेसलाइनीत गणित जुळवणारी ‘ती’ एकच होती.

“हे आत्ता लावून हवंय,” सर म्हणाले. “मी बसतो.”

मालक माझ्याजवळ आले. हळू आवाजात बोलले. समजावणीचा सूर होता.

“दहा मिनिटांचं काम आहे. तुझं नाव थोडंच छापतोय? लावून टाक. पुढच्या वर्षीचं पुस्तकही यांचंच आहे. ते गेलं तर मला एक माणूस कमी करावा लागेल. कुणाला करू? मामांना करू का या वयात?”

हे त्यांनी बरोबर साधलं. मामांचं नाव घेतलं. मी मामांकडे बघितलं. मामा केसमध्ये बघत होते.

मी स्टिक घेतली. कागद समोर लावला.

दुरुस्ती जुळवायला लागले. सत्ताविसावं उदाहरण. अंश, पट्टी, छेद. दोन कंस तयार केले, एक खाली गेला, एक वर गेला. जागा रिकामी झाली. छेदात कॉसचा वर्ग. वरचा कॉस आणि खालचा एक कॉस गेला. उरलं एक अधिक साइन, भागिले कॉस. वेगळं केलं, सेक अधिक टॅन. सर खुर्चीत बसून चहा पीत होते. मालकांनी खास काचेचा कप मागवला होता.

मग ती ओळ आली.

‘सदर’ लावलं. ‘चूक’ लावलं. ‘क’चा खिळा उचलला, कंपोझिटरचा. आणि मला सुनंदाचा प्रश्न ऐकू आला. तुला माहीत होतं? उद्या ही चिठ्ठी तिच्या पुस्तकात चिकटणार. ती वाचणार. आणि तिला वाटणार की ताई त्या दिवशीही पूर्ण खरं बोलली नाही. ताईला माहीतच नव्हतं, ती नुसती निष्काळजी होती.

माझा दोष होता. पण तो निष्काळजीपणाचा नव्हता. मी डोळे उघडे ठेवून घाबरले होते. माझा दोष मी माझ्या तोंडाने सांगेन. त्यांचा दोष माझ्या बोटांनी माझ्यावर लावणार नाही.

मी ‘क’ परत खणात टाकला. दुसरे खिळे उचलायला लागले. भराभर. दोन ओळी झाल्या. गॅलीवर, म्हणजे जुळणीच्या तबकावर, उतरवल्या, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून दाबला आणि उचलला. ओल्या शाईचा कागद घेऊन मी मालकांच्या टेबलाकडे गेले.

मालकांनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

सर म्हणाले, “बघू.” आणि कागद ओढून घेतला.

मी लावलं होतं, ‘सदर चूक मूळ हस्तलिखितातील आहे. कंपोझिटरने ती दाखवली होती, तरी ती छापण्यात आली.’

बाइंडिंगच्या बायकांनी हात थांबवले होते.

“तुझी हिंमत कशी झाली?” सर म्हणाले.

“सर, तुम्हाला तीस अंशांची किंमत येते,” मी म्हणाले. “तुम्ही घालून बघितली नाही. मी घालून बघितली. एवढंच झालंय.”

“तुझ्यासारख्यांना डोक्यावर चढवून ठेवलंय. लायकी बघा आधी!”

“माझी लायकी फायलीत आहे. किल्ली साहेबांकडे आहे.”

मालक उठले. गॅलीपाशी गेले आणि एका हाताने ती उलटी केली. सगळे खिळे फरशीवर सांडले. अंश, छेद, पट्ट्या, थीटा, सगळं. छापखान्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. जुळवलेलं मॅटर माणूस चुकून पाडतो तेव्हासुद्धा सगळे हळहळतात. हे मुद्दाम पाडलं होतं.

“उचल,” मालक म्हणाले. “उचल आणि दिलंय तसं लाव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

मी खाली बघितलं. एका खिळ्यावरून मशीनवाल्याचा पाय बाजूला सरकला. मी उचलायला खाली वाकू लागले होते, हे लपवणार नाही. दोन वर्षांची सवय होती, सांडलं की उचलायचं. आईचा चेहरा समोर आला. डब्यातले तांदूळ समोर आले.

मी सरळ उभी राहिले. ॲप्रन काढला, खुंटीला लावला.

“पाडलं त्याने उचलावं,” मी म्हणाले.

मागून मामांचा आवाज आला. पहिल्यांदाच. “साहेब, मी प्रूफ पाहिलं होतं. सही होती त्यावर.”

एवढंच बोलले. फार उशिरा बोलले. तरी बोलले. मग मामा गुडघ्यावर बसून एक एक खिळा वेचायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही. त्यांचा खिळ्यांवर जीव होता.

मी डोंगर चढले, पण घरी गेले नाही. आधी सुनंदाच्या दारात गेले. ती भांडी घासत होती. तिला सगळं सांगितलं. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह, खोडरबर, माशी, सही. हेही सांगितलं की मी घाबरले म्हणून तिला बोलले नाही. तिने ऐकून घेतलं. हात धुतले नाहीत, पुस्तक आणायला उठली नाही. म्हणाली, “मग आता काम नाही तुला?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “माझे मार्क पण गेले ना ताई.” मी म्हटलं, “हो. गेले.”

मग आईला सांगितलं. ती रात्री रडली नाही, ओरडलीही नाही. फक्त सकाळी डबा भरताना म्हणाली, “माझ्या साहेबाच्या म्होरं मी बोलू शकले नाय कधी. तू बोललीस तर आता मागं फिरू नको.”

शुद्धिपत्र चिकटलं. त्यांचंच, दुसऱ्या कुठल्या प्रेसमधून लावून आणलेलं. ‘तिला योग्य ती समज देण्यात आली आहे.’ सर पुढेही शिकवत राहिले, त्यांचा क्लास वाढला. न्याय वगैरे काही झाला नाही. ते सांगून मी कुणाला फसवणार नाही.

आठवड्याने मी भांडुपच्या एका प्रेसमध्ये गेले. तिथल्या मालकाने माझी जुळणी बघितली. अपूर्णांक लावायला दिला, मी लावला. त्याने ठोकून बघितला, हलला नाही.

“झकास. हात चांगला आहे,” तो म्हणाला. “आधीचं काम का सोडलंस?”

खोटं सांगता आलं असतं. घर लांब पडतं, आई आजारी आहे, काहीही.

“गिऱ्हाइकाची चूक लावायला सांगितली,” मी म्हणाले. “कळत असून एकदा लावली. दुसऱ्यांदा लावली नाही.”

त्याने स्टिक खाली ठेवली. “अच्छा, ती तू? बघ, आमच्याकडे क्लासवाल्यांचीच कामं असतात. तू गप्प राहणार असशील तर उद्यापासून ये.”

“गप्प राहणार नाही. चूक दिसली की दाखवणार. नाही ऐकलं तर लावणार नाही.”

“मग कठीण आहे बाई.”

“असू दे,” मी म्हणाले, आणि त्यालाच विचारलं, “इथून पुढची प्रेस कुठे आहे?”